सगळे टेस्ट सगळ्या ब्राउझरवर चालवायचे का?

मुळामुठा

नमस्कार मंडळी. टेस्टिंगमध्ये काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी पुण्यात क्यूएमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणीत आहे. आमचं वेब अ‍ॅप्लिकेशन कर्जाच्या अर्जांचं आहे. ग्राहक मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत अर्ज भरतो, कागदपत्रं चढवतो आणि हप्ता किती बसेल ते पाहतो. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) आणि जावामध्ये शेकड्यांनी टेस्ट लिहिलेले आहेत. आता वरून सांगणं आलंय की रोज रात्री हे सगळेच्या सगळे टेस्ट क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी अशा चारही ठिकाणी चालवा.

माझा याला विरोध आहे. यंत्रं कमी आहेत म्हणून नव्हे, तर अशाने टेस्टिंग चांगलं होत नाही म्हणून. ब्राउझर चार दिसले तरी त्यांच्या पोटातली इंजिनं, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारे भाग, तीनच आहेत. जानेवारी २०२० पासून एज क्रोमियमवर (क्रोमच्या खुल्या कोडवर) आहे, म्हणजे क्रोम आणि एज दोघांत ब्लिंक हे एकच इंजिन. ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही मंडळीही त्याच घरातली. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. जो टेस्ट क्रोमवर हिरवा आहे तोच एजवर पुन्हा हिरवा पाहून आपल्याला नवीन काय कळतं? एजमध्ये लॉगिन, फाइल डाउनलोड आणि छपाई एवढं तपासलं की बहुतेक काम होतं.

दुसरी गोष्ट. ‘उत्पन्न कमी असेल तर सहअर्जदार मागा’ हा नियम सर्व्हरवर आहे. तो फायरफॉक्समध्ये बदलणार नाही. पण तो तपासणारे टेस्ट आमच्या सूटमध्ये, म्हणजे टेस्टच्या संचात, सर्वांत जास्त आहेत. ब्राउझरप्रमाणे बदलतात त्या गोष्टी निराळ्याच: तारखेचा रकाना, फोकस (सध्या कोणता घटक निवडलेला) कुठे जातो, स्क्रोल, चिकटून राहणारं हेडर, फाइल चढवणं, फाँट, कुकी. त्यासाठी मोजके, नीट निवडलेले टेस्ट हवेत.

म्हणून माझा विचार असा: प्रत्येक बदलागणिक सगळा सूट फक्त क्रोमवर. फायरफॉक्स आणि वेबकिटवर निवडक टेस्ट, तेही प्रत्येक बदलागणिक. आणि खऱ्या सफारीवर रात्री एक छोटा संच. तुमच्याकडे कसं करता?

गोदाकाठ

विचार पटतोय, पण ‘निवडक’ कोण ठरवणार? ब्राउझरमुळे काय फुटेल ते आधी कळत असतं तर टेस्ट कशाला लिहिले असते?

आमच्याकडचं उदाहरण देतो. रकमेत स्वल्पविराम घालायला, म्हणजे १२३४५६ चं १,२३,४५६ करायला, डेव्हलपरने रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहिलं आणि त्यात लुकबिहाइंड (आधी काय आलंय ते पाहणारी खूण) वापरलं. क्रोमला ते केव्हापासून कळतं. सफारीला मात्र १६.४ मध्ये, मार्च २०२३ ला कळायला लागलं. त्याआधीच्या सफारीत नुसता स्वल्पविराम चुकत नाही. ते एक्स्प्रेशन वाचतानाच सिंटॅक्स एरर येते, म्हणजे ती अख्खी जावास्क्रिप्ट फाइल चालतच नाही. ग्राहकाच्या आयफोनवर कोरं पांढरं पान. इथे रक्कम दाखवणारा टेस्ट ‘व्यवसायाचा नियम’ म्हणून क्रोमपुरता ठेवला असता, तर सफारीत काय झालं ते कळलंच नसतं.

मुळामुठा

गोदाकाठ, उदाहरण फार चांगलं आहे, आणि मला वाटतं ते माझ्या बाजूचंच आहे. पान कोरं आलं हे कळायला रकमेचा टेस्ट लागत नाही. पान उघडा, मुख्य मथळा दिसतो का बघा, कन्सोलवर (ब्राउझरच्या नोंदींत) एरर आली का बघा. प्रत्येक पानाला असा एक टेस्ट सगळ्या इंजिनांवर ठेवला की पुरतं. असे टेस्ट झटपट होतात आणि क्वचितच कारण नसताना पडतात.

एक मात्र खरं, की तुमचा बग जुन्या सफारीतला आहे. कोणत्या जुन्या आवृत्तीपर्यंत आधार द्यायचा हे लेखी ठरलेलं नसेल तर कुठलाही संच अपुराच पडणार. आयफोनवर सफारी फोनच्या सिस्टिमबरोबरच अपडेट होते. फोन जुना म्हणजे सफारीही जुनी. आणि तिथे क्रोम टाकला तरी आत वेबकिटच.

राईनकाठ

शेवटच्या वाक्यात थोडी भर. इथे युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२४ पासून, म्हणजे आयओएस १७.४ पासून, अ‍ॅपलला दुसऱ्या इंजिनांना परवानगी द्यावी लागली आहे. तरी रोजच्या कामासाठी ‘आयफोन म्हणजे वेबकिट’ असंच धरून चाला. भारतातल्या ग्राहकांसाठी तर नक्कीच.

मुळामुठा, तुमच्या यादीत कुकीचा उल्लेख आहे, तो कृपया हलक्यात घेऊ नका. मार्च २०२० पासून सफारी तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांच्या, कुकी सरसकट अडवते. तुमच्या अर्जात ओळख पडताळणीचं किंवा पैसे भरायचं पान दुसऱ्या डोमेनवरून आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) येत असेल, तर क्रोममध्ये सुरळीत चालणारा प्रवास सफारीत मधेच लॉगिनवर येऊन थांबतो. आमच्या टीममध्ये आयफ्रेम असलेला प्रत्येक प्रवास सगळ्या इंजिनांवर चालवायचा असा नियमच आहे.

अबोली

मी डेव्हलपर आहे, पणजीहून. क्यूएच्या धाग्यात शिरते आहे, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

क्रॉस-ब्राउझर म्हटलं की लोकांना वाटतं मांडणी बिघडणं. चौकट सरकली, बटण खाली गेलं वगैरे. ते आता बरंच कमी झालंय. २०२२ पासून ब्राउझर बनवणारे सगळे मिळून इंटरॉप नावाचा उपक्रम चालवतात. दरवर्षी काही वैशिष्ट्यं ठरवून ती सगळीकडे सारखी चालतील असं बघतात. त्याचा फरक आम्हाला रोजच्या कामात जाणवतो. फ्लेक्सबॉक्सच्या गॅपसाठी (मांडणीतल्या घटकांमधल्या अंतरासाठी) आम्ही किती वर्षं मार्जिनची कसरत केली! सफारीत तो २०२१ मध्ये १४.१ ला आला.

आता जे फरक उरलेत ते वागण्यातले, आणि ते स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत. एक अगदी जवळून दाखवते. ड्रॉपडाउन मेनू आहे. तो उघडल्यावर फोकस मेनूच्या आत नेलेला आहे. बाहेर कुठे क्लिक केलं की तो मिटावा म्हणून डेव्हलपर ब्लर इव्हेंट (फोकस निघून गेल्याची सूचना) ऐकतो. ब्लर झाला की नवा फोकस कोणाकडे गेला ते तपासतो, आणि तो मेनूच्या आतल्या घटकाकडे नसेल तर मेनू मिटवतो. क्रोममध्ये मेनूतल्या ‘पत्ता बदला’ या बटणावर क्लिक केलं की बटणाला फोकस मिळतो, मेनू उघडा राहतो, क्लिक पोचतो. मॅकवरच्या सफारीत मात्र बटणावर क्लिक केल्याने त्याला फोकस मिळतच नाही. मग ‘नवा फोकस कोणाकडे’ याचं उत्तर रिकामं येतं आणि कोड समजतो की माणसाने बाहेर क्लिक केलं. माउस दाबताक्षणी मेनू मिटतो. बोट उचलेपर्यंत बटण जागेवर नसतं, म्हणून क्लिक पोचत नाही. ग्राहक म्हणतो, ‘बटण चालत नाही.’ आपण क्रोममध्ये बघतो, चालतंय.

हा सफारीचा बग नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं वागणं आहे. म्हणून मला वाटतं निवड करताना पानं मोजू नका, घटक मोजा. ड्रॉपडाउन, तारीख, फाइल चढवणं, मोडल खिडकी, ओढून टाकणं. प्रत्येक घटकाचा एक कसून टेस्ट सगळ्या इंजिनांवर. तोच घटक अर्जात बारा ठिकाणी असला तरी एकदाच.

मुळामुठा

अबोली, ‘पानं नको, घटक मोजा’ हे मी उद्याच्या मीटिंगमध्ये मांडणार. मनापासून धन्यवाद.

कडीकोयंडा

चर्चा छान चाललीय, पण एक पायरी राहतेय. निवडक असो की सगळे, मुळात टेस्ट भरवशाचे आहेत का? टेस्ट फायरफॉक्सवर पडला म्हणून तो फायरफॉक्सचा बग असं धरू नका. बहुतेक वेळा टेस्टच कच्चा असतो आणि क्रोमच्या वेगाची त्याला सवय झालेली असते. दुसऱ्या ब्राउझरवर नेलं की वेळेचं गणित बदलतं आणि कच्चेपणा उघडा पडतो.

पहिलं म्हणजे स्लीप काढा. सगळे. पाच सेकंद थांबलं की क्रोमवर जमतं, सफारीवर कधी जमतं कधी नाही, म्हणून कोणीतरी दहा करतं. त्याऐवजी नेमकी अट लिहा: ‘हप्ता मोजत आहे’ हे चक्र जाईपर्यंत थांब, किंवा रक्कम दिसेपर्यंत थांब. सेलेनियममध्ये इम्प्लिसिट (सगळ्या शोधांना एकदाच लावलेला) आणि एक्स्प्लिसिट (नेमक्या अटीचा) वेट मिसळू नका. मिसळले की नक्की किती वेळ थांबेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि हे त्यांच्या अधिकृत कागदपत्रांतच लिहिलेलं आहे.

दुसरं, लोकेटर, म्हणजे पानावरचा घटक शोधायची खूण. ‘तिसऱ्या डिव्हच्या आतल्या दुसऱ्या टेबलाची चौथी ओळ’ असला एक्सपाथ कुठल्याच ब्राउझरवर टिकत नाही. डेव्हलपरकडून डेटा-टेस्टआयडी (टेस्टसाठी घटकाला दिलेली ओळख) मागून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे घटक त्याच्या भूमिकेवरून आणि नावावरून शोधा, ‘अर्ज पाठवा नावाचं बटण’ असा. त्यात पडद्यावाचक वापरणाऱ्यांना ते बटण सापडतं का हेही तपासून होतं. अंध ग्राहकही आपलेच ग्राहक आहेत, याची आठवण आमच्या क्षेत्रात फार उशिरा होते.

तिसरं, पडलेला टेस्ट आपोआप पुन्हा चालवून हिरवा करून घ्यायची सोय. ती ठेवायची असेल तर ठेवा, पण कोणता टेस्ट दुसऱ्या फेरीत पास झाला याची नोंद रोज कुणीतरी वाचलीच पाहिजे. नाहीतर तीनदा दाबल्यावर चालणारं बटण असलेलं अ‍ॅप्लिकेशन आपण बिनदिक्कत ग्राहकाच्या हातात देतो.

झुळूक

मी या क्षेत्रात नवीन आहे. कॉलेजात सेलेनियम शिकले, आणि आता सगळे प्लेराइट म्हणतात. दोन्हीत फरक नेमका काय? आणि प्लेराइट असेल तर सफारीसाठी मॅक लागत नाही, हे खरं का?

कडीकोयंडा

झुळूक, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलास.

सेलेनियम २००४ चं. शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने सुरू केलं. तेव्हा ते पानातच जावास्क्रिप्ट घालून पान चालवायचं आणि ब्राउझरच्या सुरक्षेच्या नियमांत अडकायचं. पुढे सायमन स्टुअर्टच्या वेबड्रायव्हरने ब्राउझरला बाहेरून चालवायची वाट दाखवली, दोन्ही प्रकल्प एकत्र झाले आणि २०११ मध्ये सेलेनियम २ आलं. जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. याचा अर्थ असा की प्रत्येक ब्राउझर बनवणारा आपला ड्रायव्हर स्वतः देतो. क्रोमड्रायव्हर क्रोमवाल्यांचा, गेकोड्रायव्हर मोझिलाचा, सफारीड्रायव्हर अ‍ॅपलचा. ग्राहकाकडे असतो तोच खरा ब्राउझर तू चालवतेस. ही सेलेनियमची ताकद. ड्रायव्हरची आवृत्ती जुळवत बसायचा त्रासही ४.६ पासून सेलेनियम मॅनेजरने संपवला.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० चं. गुगलमध्ये पपेटिअर (क्रोम चालवणारं साधन) बनवणाऱ्यांपैकीच काही जणांनी बनवलेलं. घटक दिसेपर्यंत आणि क्लिक घेण्याजोगा होईपर्यंत ते आपणहून थांबतं, त्यामुळे मी वर लिहिलेल्या अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत. टेस्ट पडला की ट्रेस उघडून प्रत्येक पायरीला पान कसं होतं ते बघता येतं. नवीन प्रकल्प असेल तर मी प्लेराइटच निवडेन.

पण मॅकबद्दल जे ऐकलंस ते अर्धं खरं. प्लेराइटबरोबर जे येतं ते वेबकिट आहे, सफारी नव्हे. इंजिन तेच, पण लिनक्सवर किंवा विंडोजवर बांधलेलं. फाँट वेगळे, व्हिडिओ-ऑडिओचे कोडेक वेगळे, सिस्टिमशी जोडलेलं जे काही असतं ते वेगळं. जावास्क्रिप्टचे आणि मांडणीचे बरेचसे बग तिथे सापडतात. अबोलीने सांगितलेल्या फोकससारख्या गोष्टींसाठी, कुकीसाठी आणि आयफोनच्या कीबोर्डसाठी खरी सफारीच हवी. तसंच प्लेराइटमधला ‘आयफोन’ म्हणजे पडद्याचा आकार, टचची नक्कल आणि ब्राउझरची ओळख बदललेली, एवढंच. खरा फोन नव्हे.

झुळूक

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद! मग खरे फोन नसतील तर?

गोदाकाठ

भाड्याने मिळतात. खरे फोन आणि खऱ्या मॅकवरची सफारी क्लाउडवरून देणाऱ्या बऱ्याच सेवा आहेत. ब्राउझरस्टॅक तर मुंबईत २०११ मध्ये सुरू झालं, आयआयटी मुंबईच्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी केलेलं. बाहेरच्या देशांतल्या क्लायंटकडे गेलं तरी हे नाव टेस्टिंगवाल्यांना माहीत असतं. मला त्याचा अभिमान वाटतो. फक्त एक ध्यानात ठेव, दूरच्या यंत्रावर प्रत्येक आज्ञा इंटरनेटवरून जाते. म्हणून टेस्ट हळू चालतात आणि वेट कच्चे असतील तर तिथे हमखास पडतात.

अक्षरवेल

धागा उशिरा पाहिला. मुळामुठांनी सुरुवातीलाच लिहिलंय की अर्ज मराठीतही भरता येतो, आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही. मी बरीच वर्षं मराठी मजकूर असलेल्या साइट तपासतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

टेस्ट आपोआप चालवणाऱ्या पाइपलाइनमधल्या लिनक्स कंटेनरमध्ये (छोट्या बंदिस्त यंत्रात) देवनागरी फाँट बहुधा नसतो. पान आपल्या यंत्रावर व्यवस्थित, स्क्रीनशॉटमध्ये सगळीकडे चौकोन. गंमत अशी की टेस्ट हिरवाच राहतो, कारण डॉममधला (पानाच्या आतल्या रचनेतला) मजकूर बरोबर असतो. स्क्रीनशॉट तुलनेचा पहिला नमुनाच जर अशा कंटेनरमध्ये घेतला, तर चौकोनांची चौकोनांशी तुलना होत राहते आणि कोणालाच पत्ता लागत नाही. नोटो किंवा लोहित फाँट कंटेनरमध्ये आधी बसवा, आणि पहिला नमुना मराठी वाचणाऱ्या माणसाने डोळ्यांनी तपासावा. नमुने प्रत्येक ब्राउझरचे आणि प्रत्येक सिस्टिमचे वेगळे ठेवा. क्रोम आणि फायरफॉक्स जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतात, सफारी अ‍ॅपलचं कोअर टेक्स्ट. वेलांटी, रफार, उकार एखाद-दोन पिक्सेल इकडेतिकडे होणारच. आणि ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने घट्ट बांधलेली असेल तर वरची मात्रा नाहीतर खालचा उकार कापला जातो. कोणत्या ब्राउझरवर कापला जाईल ते त्या फाँटवर ठरतं.

मग ‘ऱ्य’. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे लेबल घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, म्हणजे यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळ्या मालिका. भाषांतरकाराने एका कीबोर्डवर टाइप केलं, टेस्ट लिहिणाऱ्याने दुसऱ्यावर, की तुलना फसते. एरर मेसेजमध्ये अपेक्षित आणि मिळालेलं दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, आणि माणूस तासभर त्याकडे बघत बसतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी हे दोन एक होत नाहीत, तेव्हा तुलनेआधी आपणच एका रूपात आणायचे. सगळ्यांत चांगलं म्हणजे टेस्टमध्ये मराठी मजकूर पुन्हा टाइप करूच नये, भाषांतराच्या फाइलमधूनच उचलावा.

आकड्यांचंही असंच. ब्राउझरला एमआर-आयएन (मराठी-भारत) लोकेल, म्हणजे भाषा-देशाची खूण, सांगून रक्कम छापली तर अंक देवनागरीत येतात, १,२३,४५६ असे. एचआय-आयएन (हिंदी-भारत) सांगितलं तर अंक इंग्रजी. टेस्टमध्ये आकडा वाचून त्याची बेरीज करणारा कोड मराठीत गेला की कोसळतो. ही चूक टेस्टची असते, पण तशीच चूक अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्येही असते का, ते तिथेच तपासून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, टाइप करणं. सेलेनियमचं सेंडकीज मराठी अक्षरं थेट रकान्यात टाकतं. खरा माणूस तसं टाइप करत नाही. तो फोनवर जीबोर्ड वापरतो, रोमनमध्ये लिहितो, सुचलेल्या शब्दांतून एक निवडतो. या सगळ्या काळात ब्राउझर कॉम्पोझिशनचे (शब्द अजून बनतो आहे असे) इव्हेंट पाठवतो, आणि अँड्रॉइडवर कीडाउनमध्ये (कळ दाबल्याच्या सूचनेत) कळीचा खरा कोड येण्याऐवजी बहुधा २२९ येतो. ‘नावात आकडा नको’ ही तपासणी कीडाउनवर लिहिलेली असेल तर ऑटोमेशनमध्ये ती चालते आणि गावातल्या माणसाच्या फोनवर चालत नाही. किंवा शब्द पुरा व्हायच्या आतच कोड रकाना पुन्हा लिहितो आणि अक्षरं दुप्पट होतात. हे ऑटोमेशनने सापडणार नाही. खरा फोन, खरा कीबोर्ड, हाताने. प्रत्येक रिलीजला निदान नाव आणि पत्ता हे दोन रकाने तरी.

जाता जाता, कमाल लांबी. ‘क्षितिज’ तुम्हाआम्हाला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत ती सात भरतात. इंग्रजी नावाच्या हिशेबाने ठेवलेली मर्यादा मराठी नावाला अपुरी पडते.

अबोली

अक्षरवेल, ही पोस्ट आमच्या टीमला वाचायला देणार आहे. कॉम्पोझिशन चालू असताना रकाना पुन्हा लिहायचा नाही, हे आम्ही कोकणीच्या अर्जात फार उशिरा शिकलो.

राईनकाठ

+१. जर्मनमधल्या ä, ö साठी नॉर्मलायझेशन केलं की आमचं काम भागतं. ऱ्यला ते लागू पडत नाही हे लक्षात आलं नव्हतं.

मुळामुठा

सगळ्यांचे आभार. अक्षरवेल, आमच्या भाषांतराच्या फाइलमध्ये आत्ताच शोधून पाहिलं. दोन्ही प्रकारचे ‘ऱ्य’ आहेत, एकाच पानावर. उद्या आधी ते सरळ करायचं ठरलंय.

मीटिंगसाठी मसुदा असा करते आहे: सगळा सूट क्रोमवर, प्रत्येक पान उघडतं का आणि प्रत्येक घटक नीट वागतो का हे तिन्ही इंजिनांवर, आयफ्रेमचे प्रवास तिन्हींवर, मराठी टायपिंग हाताने. एक शंका उरली. खऱ्या सफारीसाठी ऑफिसातला एक मॅक मिनी मिळतोय. त्यावर रात्री चार-पाच टेस्ट एका वेळी समांतर चालवता येतील का?

कडीकोयंडा

नाही. सफारीड्रायव्हर एका मॅकवर एका वेळी एकच सेशन देतो, आणि हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) प्रकारही त्यात नाही. म्हणून सफारीचा संच एकामागून एक चालेल असाच आखा आणि तो लहानच ठेवा. आधी टर्मिनलवर सफारीड्रायव्हर एनेबल ही आज्ञा एकदा द्यावी लागते, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. मॅकवर कोणीतरी लॉगिन केलेलं असू द्या आणि रात्री तो झोपणार नाही असं सेटिंग करून ठेवा. टेस्ट चालू असताना सफारीच्या खिडकीवर एक न दिसणारी काच असते, म्हणजे मधेच कोणी माउस लावला तरी सफारी आधी विचारते की टेस्ट थांबवायचा का. तरीही शिफ्टमधल्या लोकांना सांगून ठेवा. आमच्याकडे एकाने ‘थांबवा’ दाबलं आणि सकाळी आम्ही भलत्याच बगच्या मागे लागलो होतो.